मागलं दार पुढे आलं: मुरूड-कर्दे ते गुहागर, 'घरगुती सोयी'चं परीक्षण

दापोलीहून मुरूडला उतरताना किंवा गुहागरात शिरताना 'घरगुती राहण्याची व जेवणाची सोय' ही पाटी दर चार-दोन घरांमागे दिसते. पाटी एकच, पण तिच्या आत खोल्या चार तऱ्हांच्या: जुन्या घरातली खोली, मागच्या वाडीत काढलेली खोल्यांची ओळ, रस्त्यालगतची स्लॅबची इमारत आणि हल्ली वाढलेली सुटी कॉटेजं. गादी, चादर, सुरमईचा तुकडा यांवर लिहिणारे पुष्कळ आहेत. इथे परीक्षण आहे ते खोली गावात कुठे आणि कशी बसवली आहे याचं. रात्रीचा उकाडा, नळाला येणारं पाणी, भिंतीची ओल आणि संडासाचा वास या सगळ्याचं मूळ तिथे असतं. चार दिवसांच्या मुक्कामात त्याचा त्रास होतो आणि गावाला तो कायमचा भोगावा लागतो. कुठल्याही एका घराचं नाव मुद्दाम घेतलेलं नाही, कारण चूक सहसा बांधण्याच्या पद्धतीत असते आणि तीच पद्धत शेजारी-शेजारी वीस घरांत सापडते.

आधी मूळ मांडणी. मुरूड आणि गुहागर ही दोन्ही गावं समुद्राला समांतर, लांबट वसलेली. मधून रस्ता, दोन्ही अंगांना घरं आणि प्रत्येक घराला रस्त्यापासून मागे जाणारी जमिनीची अरुंद, लांब पट्टी. समुद्राकडच्या पट्टीचा क्रम ठरलेला असतो: रस्ता, जांभ्याचा गडगा (कुंपणाची रचीव भिंत), बेडं (आडव्या दांड्यांचं फाटक), खळं (पुढलं अंगण), तुळस, ओटी, माजघर, स्वयंपाकघर, मागली पडवी, विहीर नि तिच्या काठची दोण (पाण्याची कुंडी), गोठा, मग नारळी-पोफळीचं आगर (बाग), त्याच्या टोकाला केवडा-निगडीची गच्च जाळी, पुढे सुरूचं बन आणि शेवटी मर्यादवेलीने धरून ठेवलेली पुळण (किनाऱ्याची वाळू).

या क्रमात घराने समुद्राकडे पाठ केली आहे, आणि तसं करायला सबळ कारण आहे. पावसाळ्यात वारा-पाऊस नैऋत्येकडून येतो, तीन हजार मिलिमीटरच्या वर कोसळतो, आणि उरलेल्या महिन्यांत खारी हवा नि वाळू येत राहते. आगर हा घराचा आडोसा आहे, आणि जाळी व पुळण हा आगराचा आडोसा. सांडपाण्याचाही हिशेब यात बसवलेला असतो: न्हाणीचं पाणी केळी-अळवाला, दोणीचं पाटाने पोफळीला. घरापासून समुद्राकडे जाताना प्रत्येक टप्पा आपल्या मागच्याला सांभाळतो.

पाहुण्याला मात्र समुद्र हवा. पर्यटनाने गावाच्या रचनेत केलेला सगळ्यात मोठा बदल हाच: पट्टीचं शेपूट दर्शनी झालं. दुसऱ्या मजल्यांकडे आणि भडक रंगांकडे सगळ्यांचं लक्ष जातं, पण खरी उलथापालथ जमिनीवरच्या क्रमाची आहे. एके काळी मागलं दार धुणं, गुरं आणि नारळ सोलणं यांचं होतं. आता तिथे 'समुद्राला लागून खोल्या' आहेत आणि पुढची ओटी हिशेबाच्या टेबलाला दिली आहे.

हे एका रात्रीत झालं नाही. 1997 साली रायगडातल्या दिवेआगरला नारळाच्या वाडीत सोन्याचा गणपती सापडला आणि त्या गावात पाहुण्यांची रीघ लागली. 1998 पासून कोकण रेल्वे सलग धावू लागली. 2003 मध्ये दाभोळ-धोपावे फेरीबोट आली, आणि दापोलीहून गुहागरला गाडी घेऊन जायला खाडीचा लांब वळसा उरला नाही. मांडणी बदलली ती पाहुण्यापेक्षा त्याच्या गाडीमुळे. माणूस पाखाडीवरून (दगडी पायवाटेवरून) चालत येऊ शकतो, गाडीला मात्र दहा फुटांची वाट, वळायला जागा आणि उभं राहायला सावली लागते. या तिन्ही गोष्टी मूळ पट्टीत नव्हत्या, म्हणून त्या खळ्यातून, गडग्यातून आणि आगरातून काढल्या गेल्या.

आता एकेक प्रकार.

सर्वांत जास्त दिसणारा, आणि म्हणून सविस्तर पाहण्याजोगा, तो वाडीतल्या खोल्यांचा. चार ते आठ खोल्या एका ओळीत, पुढे पाच फुटांचा व्हरांडा, वर पत्रा किंवा स्लॅब, प्रत्येकीला संडास-बाथरूम आतच. बाहेरून बघायला छान: नारळाच्या सावलीत दार उघडतं, झोपाळा असतो, गाज ऐकू येते. पहिल्या दिवशी बहुतेक पाहुणे पाचपैकी चार तारे देतील. माझ्याकडून अडीच, आणि त्याचं कारण जमिनीखाली आहे.

किनाऱ्याच्या वाळूत गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. समुद्रपातळीच्या वर जितका गोड्या पाण्याचा थर, त्याच्या सुमारे चाळीसपट थर खाली असतो, असा भूजलशास्त्रातला ढोबळ नियम आहे. उलटीकडून वाचा: विहिरीची पातळी कायमची एक फूट उतरली तर खालचं खारं पाणी चाळीस फुटांपर्यंत वर सरकू शकतं. आता उपसा मोजा. सहा माणसांचं घर, माणशी 55 लिटर धरले तर दिवसाला 330 लिटर. सहा खोल्या, खोलीत चार जण, म्हणजे चोवीस माणसं. शॉवर, फ्लश, चादरी धुणं धरून माणशी 135 लिटर तरी लागतातच: 3,240 लिटर. जवळजवळ दहापट. आणि ही मागणी मेच्या सुट्टीत सगळ्यात जास्त असते, तेव्हा विहीर तळाला गेलेली असते आणि आगरालाही शिंपणं हवं असतं. रहाट होता तेव्हा उपसा थांबत थांबत होई, विहीर पुन्हा भरायला वेळ मिळे. दीड हॉर्सपॉवरचा पंप तासाभरात जे ओढतो त्याने खारं पाणी वर येतं. ते आधी कळतं ते पोफळीला. शेंडा बारीक होतो, फळ गळतं. मग साबणाला फेस येईनासा होतो. पाहुणा 'पाणी जरा मचूळ आहे' एवढंच लिहितो.

विहीर खारट झाली की पुढचं पाऊल बोअरचं पडतं, आणि वाळूच्या पट्ट्यात ते बहुतेक वेळा चुकीचं ठरतं. बोअर खोल जाते, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या आणखी जवळ. याहून बरं म्हणजे रुंद, उथळ विहीर, लहान पंप, दिवसातून तीन-चार वेळा थोडं थोडं उपसून टाकीत साठवणं. दहा हजार लिटरची जमिनीवरची टाकी ही सहा खोल्यांना एसीपेक्षा गरजेची वस्तू आहे.

दुसरी अडचण मैल्याची. जुन्या पट्टीत संडास घरापासून लांब, एकच, तोही बऱ्याच उशिरा आलेला. आता सहा खोल्यांचे सहा, आणि पट्टी तेवढीच अरुंद. शोषखड्डा पिण्याच्या विहिरीपासून साठ फूट तरी लांब हवा. पन्नास फूट रुंदीच्या पट्टीत हे अंतर आडवं मिळतच नाही, लांबीतच शोधावं लागतं. आणि तुमच्या विहिरीपासून साठ फूट गाठलं तरी शेजाऱ्याची विहीर वीस फुटांवर निघते. पूर्वी विहिरी ओळीने घरांच्या मागे होत्या, म्हणून हा प्रश्न शेजाऱ्या-शेजाऱ्यांत येत नव्हता. क्रम मोडला आणि एकाची घाण दुसऱ्याच्या पाण्यात गेली. यावरून वाड्यावाड्यांत कटुता आली आहे, आणि ती साहजिक आहे.

त्यात टाकी नीट नसते. वीस माणसांच्या सेप्टिक टँकला आतून साधारण साडेसात फूट लांबी, साडेतीन फूट रुंदी आणि सव्वाचार फूट पाण्याची खोली लागते, मध्ये आडभिंत, खाली पक्का तळ, आणि दर दोन-तीन वर्षांनी उपसा. प्रत्यक्षात सिमेंटच्या चार रिंगा वाळूत उतरवतात, तळ तसाच उघडा, आणि त्यालाच टाकी म्हणतात. ती टाकी नव्हे, नुसता खड्डा. वाळू पाणी पटकन शोषते म्हणून उन्हाळ्यात तक्रार येत नाही. जुलैत भूजल दोन-तीन फुटांवर येतं, खड्डा खालूनच भरतो, फ्लशचं पाणी वर उलटतं. ज्या खोल्यांना पावसाळ्यात 'बाथरूमला वास' अशी शेरेबाजी येते तिथे बहुधा हेच असतं. फिनेल ओतून ते जात नाही.

तिसरी गोष्ट झाडांची. मागे गाडी नेण्यासाठी पट्टीच्या एका कडेने दहा फुटांची वाट काढतात. पोफळी नऊ फुटांवर लावलेल्या असतात. चारशे फूट लांबीच्या वाटेत एक अख्खी ओळ, म्हणजे चाळीसहून जास्त झाडं जातात. नुकसान तेवढ्यावर थांबत नाही. पोफळ सावलीत, दाटीत वाढणारं झाड. कडेची ओळ गेली की दुपारचं नैऋत्येचं ऊन आतल्या ओळीच्या खोडावर पडतं, साल भाजते, चिरते, आणि दोन-चार वर्षांत वाऱ्याने तिथेच मोडते. म्हणून वाट काढायचीच असेल तर पट्टीच्या उत्तरेच्या कडेने काढावी, आणि दक्षिण-पश्चिमेची ओळ कधीही तोडू नये. एवढं साधं पथ्य पाळलेल्या वाड्या आहेत, आणि त्यांतल्या खोल्या आजही दुपारी थंड असतात.

वाटेवर पेव्हर ब्लॉक हवेतच असं नाही. चाकांपुरत्या दोन फूट रुंदीच्या चिऱ्याच्या दोन पट्ट्या आणि मध्ये माती ठेवली तर गाडी रुतत नाही आणि पावसाचं पाणी विहिरीच्या वाट्याला येतं. पूर्ण वाट ब्लॉकने भरली की पहिल्याच मोठ्या पावसात पाणी खोल्यांच्या उंबऱ्याशी येतं, मग उंबऱ्यापुढे सिमेंटचा बांध घालतात, आणि मग पाहुणा रात्री त्यालाच अडखळतो.

समुद्राच्या टोकाला काय होतं तेही पाहा. दृश्य मोकळं व्हावं म्हणून केवड्याची जाळी तोडली जाते, पुळण सपाट केली जाते, आणि तिथे बाकडी, हॅमॉक, कधी पत्र्याची शेड येते. एक-दोन वर्षांत वाळू उडून आगरात शिरते, व्हरांड्यात रोज झाडू मारावा लागतो, आणि उधाणाला पाणी अडवायला काही राहत नाही. जाळीतून चार फुटांची नागमोडी पायवाट ठेवली तर समुद्र दिसतोही आणि वारा थेट शिरतही नाही. वाट सरळ मात्र ठेवू नये. सरळ वाट वाऱ्याला बोगद्यासारखी सापडते.

जुन्या घरातली खोली हा प्रकार आता कमी होत चालला आहे, आणि नीट केलेली मिळाली तर याहून चांगला मुक्काम किनाऱ्यावर नाही. साडेचार तारे. चिऱ्याच्या किंवा दीड फुटी मातीच्या भिंती, वर मंगळुरी कौलं, कौलांच्या फटींतून गरम हवा निघून जाते, काचेच्या कौलातून माजघरात उजेड पडतो. मे महिन्यात पंख्यावर भागतं.

'नीट केलेली' हे मात्र नीट बघून घ्यावं, कारण याच घरांत सर्वांत महागड्या चुका होतात. पाहुण्याला संडास-बाथरूम खोलीला लागून हवं म्हणून ते बाळंतिणीच्या खोलीत किंवा कोठीच्या जागी आतच बसवतात. जुन्या घराची जमीन म्हणजे जोत्याच्या आत घातलेली मातीची भर आणि वर सारवण. तिच्यावर पाइप लपवण्यासाठी चार-सहा इंच काँक्रीट आणि टाइल्स येतात. भर दबते, टाइल बसते, सांधा उघडतो, पाणी खाली मुरतं. जांभा सच्छिद्र दगड, तो ओल ओढून घेतो; दगडांमधले मातीचे सांधे मऊ होतात; बाथरूमच्या पलीकडच्या माजघराच्या भिंतीवर कमरेइतक्या उंचीवर पोपडे सुटू लागतात. तिथे सिमेंटचा गिलावा आणि ऑइलपेंट मारला की ओल बाहेर पडायची वाट बंद होते आणि ती आणखी वर चढते. अशा भिंतीला चुन्याचा गिलावाच हवा, तो श्वास घेतो.

याहून गंभीर गोष्ट खांबांची. लाकडी खांब दगडी तळखड्यावर (बैठकीच्या दगडावर) उभा असतो, म्हणजे लाकडाचा पाय जमिनीच्या वर, कोरडा. नवी फरशी चार इंच वर आली की तळखडा बुडतो आणि लाकूड सिमेंटमध्ये गाडलं जातं. तिथे ओल साठते, वाळवी लागते, आणि आठ-दहा वर्षांत खांबाचा पाय भुसा होतो. वर तुळई आणि सगळं छप्पर त्याच खांबावर असतं. जुन्या घरात उतरताना ओटीच्या खांबांचे पाय बघा. तळखडा दिसत असेल तर घरमालकाला घर कळलेलं आहे, बाकीचंही बहुधा ठीक असेल. माझ्या मते कुठल्याही छायाचित्रापेक्षा ही खूण भरवशाची.

बरोबर पद्धत अवघड नाही. संडास-बाथरूम मागल्या पडवीला लागून, स्वतःच्या वेगळ्या पायावर बांधायचं, जुन्या भिंतीपासून दोन-तीन इंच फट ठेवून. वर पडवीच्याच उताराचं कौलारू छप्पर पुढे ओढायचं. आतली फरशी ओटीपेक्षा दोन इंच खाली, उतार फुटाला पाव इंच. चार इंची मैलापाइपाला दर चार-पाच फुटांना एक इंच उतार, आणि प्रत्येक वळणावर चेंबर. घराचं जोतं, भिंत, छप्पर यांना हात न लावता दोन खोल्या अशा रीतीने पाहुण्यांना देता येतात. दोनच येतात, आठ येत नाहीत. मालकांची खरी अडचण ही आहे आणि ती खोटी नाही: मुलांची शिक्षणं, आगराचं घटलेलं उत्पन्न, वर्षाकाठी कौलं परतायचा खर्च या सगळ्याला दोन खोल्यांचं भाडं पुरत नाही.

छपराबद्दल थोडं अधिक, कारण पाहुण्यांच्या मागणीचा सगळ्यात वाईट परिणाम तिथे दिसतो. एसी लावायचा म्हणून कौलांखाली पीओपीचं किंवा पीव्हीसीचं छत बसवतात. पहिल्या पावसापर्यंत सगळं छान. पण कौलारू छपरातून थोडं पाणी कुठेतरी येणारच. पूर्वी ते दिसायचं, माणूस वर चढून कौल सारखं करायचा. आता ते छताच्या वर साचतं, रिपा आणि वासे कुजतात, उंदीर आणि कांडेचोर (उदमांजरं) मधल्या पोकळीत राहतात, आणि गळती दिसते तेव्हा वासा बदलण्याशिवाय इलाज उरत नाही. एसी हवाच असेल तर एकच खोली घ्यावी, तिला लाकडी फळ्यांचा माळा घालावा, आणि माळ्याच्या वर दोन्ही बाजूंच्या करवळ्या (छपराखालच्या त्रिकोणी) भिंतींत जाळीच्या खिडक्या ठेवून वारा खेळता ठेवावा. माळ्यावर चढायला झडप हवीच.

मंगळुरी कौलही मूळचं कोकणातलं नव्हे, हे इथे सांगायला हवं. बाझेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला तो 1865 साली. त्याआधी नळीची कौलं होती, किंवा गवताने-पेंढ्याने शाकारलेली घरं. म्हणजे गावाने बाहेरचं साहित्य पूर्वीही घेतलं. फरक इतकाच की मंगळुरी कौल आलं तेव्हा छपराचा उतार, पडवीची खोली, घराची जागा यांत फारसा बदल करावा लागला नाही. शंभर चौरस फुटांना सुमारे दीडशे कौलं, फुटलेलं एक बदलता येतं, घरातला माणूस ते करू शकतो. पत्र्याचं तसं नाही. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात धडकलं, त्यात कौलंही उडाली आणि पत्रेही. उडालेलं कौल पडतं तिथे फुटतं. पूर्ण लांबीचा पत्रा शेजारच्या छपरात घुसतो. वादळानंतर पावसाच्या आधी घर झाकायचं म्हणून पुष्कळ ठिकाणी रंगीत पत्रा आला. तो तातडीचा उपाय होता, पण टिकून राहिला.

स्लॅबच्या इमारतींवर फार वेळ घालवायची गरज नाही. रस्त्याच्या कडेपर्यंत आलेली, तळमजल्यावर गाड्या, वर दोन मजले, ओटी नाही, खळं नाही. खारी हवा असलेल्या किनाऱ्यावर काँक्रीट किमान एम-30 प्रतीचं आणि लोखंडावर 45 मिलिमीटरचं आवरण हवं, असं भारतीय मानक सांगतं. गावात पाऊण-एक इंच आवरण आणि कधी किनाऱ्याचीच वाळू. दहा-पंधरा वर्षांत बाल्कनीच्या खालून गंजाचे डाग आणि सुटलेले ढलपे. स्लॅब तापतो म्हणून वर पत्र्याची शेड, आणि शेड झाली की तिच्यात 'डॉर्मिटरी'. दोन तारे, तेही पार्किंगला.

सुट्या कॉटेजांत दोन टोकं आहेत. आगरातल्या मोकळ्या जागा हेरून, एकही पोफळ न तोडता, चिऱ्याच्या जोत्यावर बारा बाय चौदाची खोली आणि पुढे पडवी, अशी तीन-चार कॉटेजं असतील तर साडेतीन तारे. जिथे ती चौकोनात मांडून मधोमध पोहण्याचा तलाव केला आहे, तिथे एक. अलिबागजवळ नागावच्या वाड्यांत हा प्रकार बोकाळला आहे. मुंबईहून सुट्टीच्या दोन दिवसांसाठी येणाऱ्याला तलाव हवा असतो, समुद्र नव्हे. तीस बाय पंधरा फुटांचा, चार फूट खोल तलाव म्हणजे सुमारे एक्कावन्न हजार लिटर पाणी. सहा माणसांच्या घराचं पाच महिन्यांचं.

आता खळ्याबद्दल, कारण त्याची किंमत पाहुण्याला दिसत नाही. खळं म्हणजे नुसतं अंगण नव्हे. सुपारी, आमसुलं, कुळीथ तिथे वाळतात, मांडव तिथे पडतो, लग्न-मुंज तिथे होते. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी घरोघरी येते ती खळ्यात टेकते. गडगा पाडून, तुळस कोपऱ्यात सरकवून तिथे चार गाड्यांची जागा केली की शिमग्याच्या दिवसांत, नेमकी पाहुण्यांचीही गर्दी असताना, पालखीला जागा करायला गाड्या हलवाव्या लागतात. याला सोपा पर्याय आहे आणि काही वाड्यांनी तो निवडलाही आहे: चार-पाच घरांनी मिळून गावाच्या टोकाची पडीक जागा गाड्यांना द्यायची आणि तिथून पाहुण्याने पाखाडीने चालत यायचं. तीन-चारशे पावलं. सामानाला हातगाडी. अशा वाडीत रात्री गाडीचे दिवे खिडकीत येत नाहीत आणि रस्त्यावर लहान मुलं खेळताना दिसतात.

तुलनेसाठी मंडणगड तालुक्यातलं वेळास पाहावं. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने तिथे 2002 मध्ये ऑलिव्ह रिडले कासवांच्या अंड्यांचं संरक्षण सुरू केलं आणि 2006 पासून कासव महोत्सव भरू लागला. पाहुणे गावातल्या राहत्या घरांत उतरतात: पडवीत किंवा मधल्या खोलीत गाद्या, न्हाणीघर सगळ्यांत मिळून, पंगतीत जेवण. सोयीने मोजलं तर तीन तारे. स्वतंत्र बाथरूम हवंच असणाऱ्याने, किंवा गुडघे दुखणाऱ्या वडीलधाऱ्यांना घेऊन जाणाऱ्याने, आधी विचारून घ्यावं. पण घराचा क्रम तिथे पुष्कळसा शाबूत आहे, आणि त्याचं श्रेय नुसत्या चांगुलपणाला देऊन चालणार नाही. पिल्लं समुद्रात सोडण्याचा हंगाम थोड्या आठवड्यांचा. तेवढ्यासाठी आठ खोल्या बांधून परवडत नाही. आहे त्या घरात पाहुणा सामावून घेणंच फायद्याचं. शिवाय पिल्लं उजेडाकडे ओढली जातात, त्यामुळे किनाऱ्यावर दिवे असलेल्या खोल्या या व्यवसायाच्याच मुळावर येतील. गाव मागे आणि किनारा अंधारात, ही जुनी मांडणी इथे उत्पन्नाच्या बाजूने उभी आहे. मुरूड-कर्द्याला तसं काही कारण मिळालं नाही.

कायद्याचं म्हणाल तर तो बऱ्यापैकी नेमका आहे. 2019 च्या किनारा नियमन अधिसूचनेत ग्रामीण किनाऱ्यावरच्या स्थानिक लोकांना आपल्या घरात होमस्टे चालवायला मुभा आहे, पण घराच्या जोत्याचं क्षेत्र, रचना आणि दर्शनी रूप न बदलता. म्हणजे जुन्या घरातल्या दोन खोल्या चालतील, वाडीतली आठ खोल्यांची नवी ओळ या मुभेत बसत नाही. हे एक वाक्य ग्रामपंचायतीच्या फळ्यावर ठळक लिहिलेलं असायला हवं, कारण कर्ज काढून खोल्या बांधणाऱ्या अनेकांना ते बांधून झाल्यावर कळतं.

खोली ठरवण्याआधी फोनवर विचारायचं ते एवढंच. विहीर आहे की बोअर, आणि मेमध्ये टँकर लागतो का? खोल्या किती? चारच्या आत असतील तर पाणी आणि शांतता दोन्ही मिळायची शक्यता जास्त. छप्पर कशाचं, कौलाखाली छत आहे का? गाडी कुठे लागते? मालकांचं कुटुंब त्याच आवारात राहतं का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'हो' असेल तर विहिरीचं पाणी तेही पितात, आणि खड्डा कुठे खणलाय हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. पावसाळ्यात जाणार असाल तर व्हरांड्याला झापांचा (विणलेल्या झावळ्यांचा) किंवा ताडपत्रीचा आडोसा बांधतात का, हेही विचारा. पश्चिमेला तोंड केलेल्या खोलीत आडोशाशिवाय जुलैची एक रात्र काढली की गादीसुद्धा ओली लागते. घराने समुद्राकडे पाठ का केली होती ते त्या रात्री कळतं.